आधी सोपं पाहाचं

गंगाराम जाऊन आता वर्ष होत आलं, तरी भिंतीपलीकडं मशीन सुरू झालं की भाजीची जुडी बांधता बांधता माझा हात थांबतो. आवाज तोच आहे, पण चाल ती नाही. गंगाराम गवत कापायचा तेव्हा आवाज लांबून जवळ यायचा, वळायचा, पुन्हा लांब जायचा, जशी जात्यावर बसलेली बाई दमानं दळते तसा. आता नुसता खडखडाट.

आमचा भाजीचा मळा आदिलाबादच्या बाहेर, जैनथकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. मळ्याला लागून एका शेठचा फंक्शन हॉल. पूर्वी तिथं कापूस पिकायचा, आता लग्नं पिकतात. हॉलच्या पुढं मोठ्ठं लॉन. आपल्याकडं उन्हाळ्यात माणसाला पाणी पुरत नाही, पण त्या गवताला दोन्ही वेळा पाणी. ते गवत राखायचं काम गंगारामचं. त्याचं घर माझ्या मळ्याच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे एका बाजूला त्याचं घर, एका बाजूला त्याची नोकरी, अन् मधात मी. येता-जाता मळ्यातूनच जायचा, अन् काही बोलल्याशिवाय जायचा नाही. हॉलवरची तेलुगू माणसं त्याला गंगन्ना म्हणत, घरी तो गंगाराम. मी वयानं बरीच मोठी, म्हणून मला आक्का म्हणे.

अंगानं भरलेला माणूस होता, हे आधीच सांगून ठेवते. मान नाहीच, खांद्यावर डोकं ठेवल्यासारखं. बाजेवर बसला की बाज कुरकुरायची, अन् त्याची बायको सुमन आतून ओरडायची, "अवो, दमानं बसा, सुंभ तुटते!"

पहिल्यांदा तो ढकलायच्या मशीननं गवत कापायचा. मग शेठनं हैदराबादहून जुनं, पण भारी मशीन आणलं. बसून चालवायचं. खाली पत्र्याच्या खोक्यात पाती फिरतात, वर गुबगुबीत सीट, अन् गंमत म्हणजे त्याला स्टेरिंगच नाही. दोन मांड्यांवर येतील असे दोन दांडे, बस. झिरो टर्न म्हणतात त्याला, कारण ते भोवऱ्यासारखं जागच्या जागी फिरतं. गंगारामनं उभा जन्म ट्रॅक्टर चालवलेला, त्याचे हात हवेत स्टेरिंग शोधायचे. पहिल्याच दिवशी दोन्ही दांडे एकदम पुढं लोटले, अन् मशीन सुसाट जाऊन मांडवाच्या खुर्च्यांच्या ढिगात शिरलं. सगळ्या खुर्च्या अंगावर. मी भिंतीवरून वाकून विचारलं, "गंगाराम, कोनाच्या लग्नाले आला रे?"

खुर्च्यांच्या आतून आवाज आला, "माह्याच तेरवीले, आक्का."

असा होता. पडला तरी आधी बोलणार, मग उठणार.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडं शेणखताची बैलगाडी आली. हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून गाडीवानाच्या हातांकडं टक लावून बघत बसला. डावा कासरा ओढला की बैल डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं, दोन्ही ढिले सोडले की सरळ. बघता बघता यानं मांडीवर थाप मारली. "हात तिच्या! हे तर कासरेच हाय!" त्या दिवसापासून ते मशीन त्याच्या लेखी बैल झालं. बंद पडलं की "आज अडून राह्यला", नीट चाललं की "आज चारा गोड लागला". संध्याकाळी पाण्यानं धुवायचा अन् पुसता पुसता पाठीवर, म्हणजे पत्र्यावर, हात ठेवायचा.

मशीन बिघडलं की त्याची एक रीत ठरलेली. आधी सोपं पाहाचं. हे त्याचं वाक्य इतक्यांदा ऐकलं की माझ्या नाती खेळता खेळता म्हणायच्या. पेट्रोल आहे का? बॅटरीच्या तारा घट्ट आहेत का? ब्रेक लागलाय का? चाकात हवा सारखी आहे का? तिथं दोष नाही सापडला तर मग खाली वाकून बघायचं, ओलं गवत पात्यांत अडकलं का, पट्टा ढिला झाला का. इंजिन सगळ्यात शेवटी. "मेकॅनिक लोकं येतात अन् पयलेच इंजन उघडतात," तो म्हणे. "उघडलेलं इंजन पयल्यासारखं लागत नाही, आक्का. आपन आधी सोपं पाहाचं."

एकदा माझी विहिरीवरची मोटर बंद पडली. माणूस बोलावला, तो म्हणाला मोटर वर काढावी लागेल. मी कपाळाला हात लावून बसले. गंगाराम कामावरून येत होता. त्यानं पेटी उघडली, आत फुंकर मारली अन् म्हणाला, "आक्का, फ्यूजची तार तर पाहा! मोटरीचं काऊन मडं उचलून राह्यले?" तार लावली, पाणी आलं. पुढं महिनाभर येता-जाता विचारायचा, "काय आक्का, विहीर बी वर काढाची का?"

पण त्याची ही रीत प्रत्येक वेळी बरोबर निघायची असंही नाही. एका हंगामात मशीनचा पट्टा चिरकायला लागला. माझ्या अंगणात ऐकू यायचं, डुकराच्या पिल्लासारखं. गंगारामनं पट्ट्याला साबण घासला. चिरकणं थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा साबण. मग खालचं गवत खरवडून काढलं, मग पुली पुसली. मी म्हटलं, "नवा पट्टा माग ना शेठले." तर म्हणाला, "आक्का, अजून सोपं सरलं नाही." अन् एका मोठ्या लग्नाच्या सकाळी, अर्धं लॉन कापून झालं असताना, पट्टा फाटकन तुटला. एका बाजूला गादीसारखं गवत, दुसऱ्या बाजूला रान. वऱ्हाड आलं. मुलाकडच्या एका बाईनं तोंडावर मुलीकडच्यांना सुनावलं, "तुमी अर्ध्याचेच पैसे भरले वाट्टे!" शेठ तापला. गंगाराम खाली मान घालून माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"पट्ट्यानं बोलून तर दाखवाचं," म्हणाला.

मी म्हटलं, "बोलतच तर होता रे. तू साबण लावून त्याचं तोंड बंद करत होता."

हसला. दोघंही हसलो. तेव्हा ती हसायचीच गोष्ट होती.

एका बाबतीत मात्र तो कोणाचं ऐकायचा नाही. त्या मशीनच्या सीटखाली एक बटण असतं. माणूस सीटवर बसला की ते दाबलं जातं अन् मशीनला कळतं की वर माणूस आहे. पाती फिरत असताना माणूस उठला किंवा पडला तर मशीन आपोआप बंद. पुष्कळ ठिकाणी लोक त्या बटणाच्या तारा तोडून एकमेकींना जोडून टाकतात. त्याला डायरेक्ट करणं म्हणतात. मग कटकट नाही. गंगारामला कोणी डायरेक्ट कर म्हटलं की त्याचा चेहरा बदलायचा. त्याच्या मोठ्या भावाचा हात मळणीयंत्रात गेला होता, त्याच्या डोळ्यांदेखत. "मळणीले समजलंच नाही का मानूस आत चालला," एवढंच तो त्याविषयी सांगायचा. "या मशीनले समजते. जे समजते त्याले काऊन आंधळं कराचं?"

लेकीच्या लग्नात त्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता. वंदना, त्याची एकुलती एक. बेल्लमपल्लीला दिली, जावई खाणीत कामाला. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं खर्र्याची पुडी त्याच्या खिशातून काढून चुलीत टाकली, त्यानं पुन्हा कधी हात लावला नाही. याचा त्याला फार अभिमान. कोणाला कॅन्सर झाल्याचं ऐकलं की म्हणायचा, "मले काय होते? मी तर खर्रा सोडला."

मागच्या लग्नसराईची गोष्ट. मशीन मधातच बंद पडायला लागलं. सपाटीवर ठीक चालायचं, पण जरा खड्डा आला, सीट जरा उसळली की फट्, बंद. गंगाराम आपल्या रीतीला लागला. जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं. बॅटरीच्या तारा घासून लखलखीत केल्या. ब्रेक पाहिला, दांड्यांची बटणं पाहिली. सीटखालचं बटण काढून फडक्यानं पुसलं. तरी फट्. शेवटी शेठला सांगून नवं बटण मागवलं, ते बसवलं. तरी फट्. हॉलचे आचारी, वॉचमन, सगळे म्हणाले, "गंगन्ना, डायरेक्ट करून टाक." तो ऐकेना.

मग एक दिवस शेठ स्वतः मशीनवर बसला. शेठ म्हणजे पोत्यासारखा माणूस. त्यानं साऱ्या लॉनभर मशीन फिरवलं, खड्ड्यातून नेलं, मुद्दाम नेलं. एकदाही बंद नाही पडलं. उतरला अन् सगळ्यांसमोर म्हणाला, "मशीन तो एकदम ठीक है रे. गंगन्ना, तेरे से रूठ गई क्या?" सगळे हसले. गंगारामही हसला. मी भिंतीशी कोथिंबीर खुडत होते, मला तो दिसत होता. हसून झाल्यावर तो सीटकडं बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात आला. मी मेथीच्या जुड्या बांधत होते.

"आक्का, तुमचा तो फुटका पाटा हाय ना अंगनात? देता का?"

"काऊन रे, सुमनचा मिक्सर जळला का?"

"नाही. सीटवर ठेवाचा हाय."

मला वाटलं चेष्टा करतो. मी म्हटलं, "मशीनवर बसून चटनी वाटतो का?"

तो बोलला ते मला जसंच्या तसं आठवतं. हसत हसत बोलला. "सीट मले वळखत नाही आता, आक्का."

मी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. रोज दिसणारा माणूस आपण पाहतच नाही. सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं. मनगटावरचं घड्याळ कोपराकडं सरकलेलं. अन् मान, जी त्याला कधी नव्हतीच, ती आली होती. बारीक, शिरा दिसणारी.

"जेवतो काय तू?"

"पातळ."

"काऊन पातळ?"

"घट्ट उतरत नाही. इथं अटकते." छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

"केव्हापासून?"

तो ओट्यावर टेकला. मग सगळं सांगितलं, जसं मशीनचं सांगायचा तसंच, एकेक करून. आधी वाटलं पित्त, म्हणून पित्ताच्या गोळ्या घेतल्या. मग तिखट सोडलं. मग ज्वारीची भाकर सोडली, भात धरला. भात अडकायला लागला तर भाताची पेज. मग कोणी सांगितलं म्हणून रात्री एरंडेल. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरं वाटायचं.

"आधी सोपं पाहून राह्यलो, आक्का."

मी चिडले. म्हटलं, "अरे, आग लागो त्या सोप्याले! दवाखान्यात काऊन नाही गेला?"

"डॉक्टर लोकं पयलेच इंजन उघडतात," तो म्हणाला, अन् पाटा उचलायला वाकला. त्याला तो उचलवेना. माझा पाटा. आमच्या सूनबाई एका हातानं सरकवतात तो. मी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून तो भिंतीपर्यंत नेला.

त्यानं पाट्याला गोणपाट गुंडाळलं अन् तो सीटच्या मागच्या कडेला तारेनं बांधला. मशीन चालायला लागलं. खड्डा आला तरी बंद नाही. मग मला भिंतीशी बोलावून मुद्दाम दाखवलं. चालू मशीनवरून जरा उठला, मशीन लगेच बंद. "पाहा, पाटा एकटा बसला तर चालत नाही. मी एकटा बसलो तर चालत नाही. दोघं मिळून एक मानूस होतो." डायरेक्ट न करता त्यानं दोष काढला होता, याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

त्याच दिवशी मी सुमनला घेऊन बसले. ती बिचारी पदर तोंडात धरून म्हणाली, "मी म्हनलं तर माह्यावर वसकन येतात. लगनं होऊ दे म्हनतात. आपन घरी बसलो का शेठ दुसरा मानूस ठेवते म्हनतात." मी म्हटलं वंदनाला फोन लाव. फोनवर वंदनाला पाट्याचं सांगितलं. आधी तिला समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती बसनं येऊन दारात उभी. पिशवीत बापाचे दोन सदरे भरले, हात धरला अन् ऑटोत बसवलं. खर्र्याची पुडी चुलीत टाकली होती, तशीच मुकाट्यानं.

आधी इथल्या मोठ्या दवाखान्यात, तिथून नागपूरला. पुढचं सुमननं सांगितलेलं. नळी घालून तपासलं, फोटो काढले. कॅन्सर. अन्ननळीत होता, तिथून खाली पसरला होता. डॉक्टर चांगला होता, खुर्ची ओढून गंगारामसमोर बसला अन् म्हणाला, "बाबा, इतके दिवस का थांबलात? आधी आला असतात तर काही करता आलं असतं." गंगारामनं त्याला उत्तर दिलं, "साहेब, सोपं पाहत होतो." डॉक्टरला काही समजलं नाही, त्यानं वंदनाकडं पाहिलं. वंदना खिडकीबाहेर बघत होती.

बाहेर आल्यावर गंगारामनं सुमनला एवढंच विचारलं, "त्यानं उघडलं तर नाही ना काही?" नाही म्हटल्यावर बरं वाटलं त्याला. उघडण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. का त्याला समजलं होतं, कोण जाणे.

घरी आणला. जावयानं नवी बाज विणून दिली. पाण्याखेरीज फारसं काही पोटात जात नव्हतं. मी रोज काही ना काही पातळ करून न्यायची, मुगाचं पाणी, ताक. तो दोन चमचे घ्यायचा अन् माझं मन राखायला म्हणायचा, "झकास झालं, आक्का." लग्नं तर चालूच होती. बँड वाजायचा, तेलुगू गाणी वाजायची. शेठनं दुसरा माणूस आणला होता. त्या माणसानं आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल तर सीटखालच्या तारा तोडून डायरेक्ट केलं. हे मला वॉचमननं सांगितलं. मी गंगारामला सांगितलं नाही.

एकदा त्यानं विचारलं, "चालते का?"

"चालते."

"मधातच बंद पडते?"

"नाही पडत."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "म्हंजे डायरेक्ट केलं." मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली अन् आले. त्यानंतर त्यानं मशीनचं नाव काढलं नाही. कधीच नाही.

शेवटचा पाहिला तो एका सकाळी. दुपारच्या बसनं वंदना लेकरांना घेऊन येणार होती. आजोबाला असं बघून लेकरं घाबरतील म्हणून सुमननं त्याची दाढी करायला घेतली होती. अंगणात ऊन आलं होतं. त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं, मागं उशी. तोंडाला साबणाचा फेस. सुमननं जन्मात कधी वस्तरा हातात धरला नव्हता. दुसरं कोणतं काम असतं तर गंगाराम गप्प बसला नसता. असं धर, तसं कर, आधी हे पाहा. त्या दिवशी तो काहीच सांगत नव्हता. डोळे मिटून, हनुवटी वर करून, त्यानं सगळा चेहरा तिच्या हातात देऊन टाकला होता. मी फाटकाशीच थांबले, आत गेले नाही.

गालाच्या खळग्यात वस्तरा अडकला. सुमननं हात झटकन मागं घेतला.

"लागलं का, अवो?"

"नाही," गंगाराम म्हणाला.

पांढऱ्या फेसातून रक्ताची बारीक रेघ हनुवटीकडं उतरत होती.